‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि साधनांची विश्वसनीयता

जयंत विष्णु नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचा अभ्यास हाती घेणाऱ्यापुढे आरंभीच एक विलक्षण योग उभा राहतो. विश्वसनीय साधन कोणते, हा जो प्रश्न त्याला स्वतःला सोडवावयाचा असतो, तोच कथानायकालाही सोडवावा लागतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका निराळ्याच मुंबईत जाऊन पडतात. तेथे पानिपतचे तिसरे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले असते. हा इतिहास आपल्या इतिहासापासून नेमका कोठे फुटला, हे पाहण्यासाठी ते टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचे पाच खंड मागवतात. ते खंड त्यांनी स्वतःच लिहिलेले असतात. पण पाचवा खंड विजयाचा निर्वाळा देऊन थांबतो. तो कसा घडला, याचा उलगडा अखेर एका बखरीत होतो. ती ‘भाऊसाहेबांची बखर’ होय. विश्वासरावांना लागलेली गोळी या प्रतीत त्यांना चाटून निघून जाते.

येथे मराठी वाचकाला थबकावे लागते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतपर्यंतचीच आहेत. त्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली गेली, तिच्यानंतर बखर हे प्रमाण म्हणून पुढे करणे कोणाही इतिहासकाराला अवघड झाले. अस्सल चिठोऱ्यापुढे बखरीची मातब्बरी नाही, असा राजवाड्यांचा रोख होता. गंगाधरपंतही याच परंपरेतले आहेत. बखरींवर आपण सहसा विसंबत नाही, रंजक म्हणून त्या वाचतो, अशी त्यांची भूमिका कथेत स्पष्ट येते. आणि तरीही आझाद मैदानावरील गोंधळात ग्रंथ हरवल्यावर त्यांच्याजवळ पुरावा म्हणून उरते ते त्या बखरीचे एक फाटके पान. रूपाने चिठोरे आणि आशयाने बखर असा हा पुरावा आहे. लेखकाने हा विनोद जाणून केला असो वा नसो, कथेतील सर्वांत मार्मिक जागा हीच. पदार्थविज्ञानाच्या चर्चेपेक्षाही ती मार्मिक आहे.

मात्र हे विवेचन कोणत्या संहितेच्या आधारे करावयाचे? विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा पडते ते ‘द ॲडव्हेंचर’ हे इंग्रजी रूप. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकातले. आपण देत आहोत ते मूळ पाठाचे रूपांतर आहे, असे ते पुस्तक स्वतःच प्रांजळपणे सांगते. तेव्हा त्यातील वाक्यरचनेवरून नारळीकरांच्या शैलीविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे संक्षेपकाराच्या कात्रीला लेखकाची लेखणी समजणे होय. भाषेच्या अभ्यासकाला त्यातही एक खूण सापडते. गोळी किती अंतराने चुकली हे सांगताना इंग्रजी मजकुरात ‘तीळ’ हा शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ कंसात दिला आहे. इंग्रजीच्या पोटातून मराठी बखरीचा वाक्संप्रदाय असा डोकावतो. बखरीची भाषा आणि प्राध्यापकाची भाषा यांतील अंतर मराठी वाचकाला कानानेच कळते; इंग्रजीत दोहोंचा स्वर जवळजवळ एक होतो. मराठी पाठ समोर ठेवल्यावाचून या कथेवर लिहू नये, याला एवढे कारण पुरेसे आहे.

संहितेनंतर लेखकाच्या आठवणींचा विचार केला पाहिजे. नारळीकरांनी स्वतः अनेकदा सांगितलेली एक हकीकत सर्वश्रुत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरविली होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा उतरवून दिली ती मंगला नारळीकर यांनी. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही हकीकत कितीही विश्वसनीय वाटली, तरी वर्गवारीने ती बखरच आहे: घटनेनंतर, ज्याची ती घटना त्यानेच सांगितलेली. राजवाड्यांचा दंडक लावला तर तिला स्पर्धेच्या कागदपत्रांचा आधार हवा. पण समजा, ती स्पर्धेची प्रत एखाद्या अभ्यासकाला मिळाली. तिच्यावरील नाव लेखकाचे नाही, अक्षरही लेखकाचे नाही. हकीकत ठाऊक नसलेला काटेकोर संशोधक ती प्रत परक्याची म्हणून बाजूला सारील. येथे चिठोऱ्याला वाचा फुटते ती बखरीमुळे, आणि बखरीला वजन येते ते चिठोऱ्यामुळे. राजवाड्यांच्या दंडकाला या प्रकरणी एवढी मुरड घालावीच लागते.

अशाच प्रकारची आणखी एक आठवण तपासून पाहता येण्याजोगी आहे. दुर्गा भागवत यांनी १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली, असे नारळीकर सांगत. भाषण छापील असल्याने अभ्यासकाने लेखकाच्या शब्दावर न थांबता ते भाषणच वाचावे. मंगला नारळीकर २०२३ साली आणि जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. विचारून खातरजमा करण्याचा मार्ग आता उरलेला नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र हाताशी आहे. पण तेही २०१२ चे, म्हणजे स्पर्धेनंतर अडतीस वर्षांनी आलेले.

नवी मुंबईतील विद्यार्थ्याला शोधासाठी फार भटकावे लागत नाही. वाशीहून ठाण्यास थेट गाडी जाते. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. हार्बर मार्गाने निघालेला विद्यार्थी चुनाभट्टीस उतरला, तर मराठी विज्ञान परिषदेचे कार्यालय जवळच आहे. तसाच शेवटच्या स्थानकापर्यंत गेला, तर गंगाधरपंत जेथे उतरले तेथेच तोही उतरेल, आणि टाउन हॉल तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ का. ना. साने यांनी संपादिली आहे. त्या छापील पाठाशी कथेतील बखरीचा उतारा शब्दशः ताडून पाहिला, तर लेखकाने बखरकाराचे किती घेतले आणि स्वतःचे किती घातले, हे एका बैठकीत कळू शकेल.