फेंगडी

जामीनदाराची सही घेताना गेली वीस वर्षं मी एक वाक्य न चुकता म्हणत आलो आहे: "काका, सही करण्यापूर्वी नीट वाचा हं." काका कधी वाचत नाहीत. वाचलं असतं तर या देशात एकही कर्ज मंजूर झालं नसतं, आणि माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी बघावं लागलं असतं. असो. सांगायचं ते हे, की दिवाळीत बहिणीकडे निफाडला गेलो असताना, एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात तिनेच दिलेलं बॉलपेन अशा अवस्थेत, मी स्वतः एका पतसंस्थेच्या कागदावर न वाचता सही केली. कर्ज भाच्याचं. कशासाठी, तर कांदा लासलगावच्या बाजारात न्यायला पिकअप घ्यायची होती. "दादा, तू बँकेतला माणूस," बहीण म्हणाली, "तुझ्या सहीला वजन आहे." वजन असतं म्हणूनच ती पाण्यात बुडते, हे चकली संपल्यावर सुचलं.

एवढं सांगण्याचं कारण, प्रस्तुत समीक्षा ही तटस्थ समीक्षा नव्हे. ज्या कलाकृतीला आपण जामीन आहोत तिच्याकडे तटस्थपणे बघायला संतच हवा. बाकी समीक्षेचा मला अनुभव आहे. आमच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाचं परीक्षण मी एकदा लिहिलं होतं. नायकाचं काम करणाऱ्या साहेबांनी त्यानंतर सहा महिने माझी रजा मंजूर केली नाही.

तर गाडी घेतल्यावर चार-पाच महिन्यांनी भाचेराव ती घेऊन नाशिकला आमच्या दारात आले. मी गॅलरीतून पाहिलं आणि पहिला विचार मनात आला तो हा, की हिला कुठेतरी दुखतंय. चारी चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली, अंग वर उचललेलं, आणि एकूण आविर्भाव नुकतंच गळू कापून घरी आलेल्या माणसाचा. आमच्या आईचा यासाठी एक शब्द होता: फेंगडी.

"मामा, स्टान्स बघा!" भाचा खालून ओरडला.

स्टान्स म्हणजे माझ्या लेखी द्रविडचा. तोही पाय इतके फाकत नसे.

आता प्रामाणिक समीक्षकाने आधी गुण सांगावेत. खाली उतरून, समोरून जरा तिरकं उभं राहून पाहिलं तर गाडी देखणी दिसत होती. हौद्यात पैलवान पाय रोवून उभा राहतो तशी. कंपनीतून येते तेव्हा पिकअप मागून पाहावी, मोठं धड आणि आत ओढलेली बारीक चाकं, जणू काही दुकानात गर्दी आहे म्हणून अंग चोरून उभी आहे. भाच्याचं वय तेवीस. या वयात अंग चोरून उभं राहायला कुणाला आवडतं?

ही रुंदी येते कशी, हे त्याने मला तासभर समजावलं. दोन मार्ग. एक, ऑफसेट कमी असलेली डिस्क घ्यायची. डिस्क जिथे हबला टेकते ती जागा चाकाच्या मध्यापासून किती बाहेरच्या अंगाला, तो ऑफसेट. तो 40 मिलिमीटरवरून 10 वर आणला की प्रत्येक चाक 30 मिलिमीटर बाहेर सरकतं. दुसरा मार्ग गरिबांचा. जुनंच चाक ठेवायचं आणि हब आणि डिस्क यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. भाच्याने 30 मिलिमीटरच्या चार घातल्या. म्हणजे एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 30, एकूण रुंदी 60 ने वाढली. हिशेब बरोबर आहे. मी तपासला.

समोरच्या जाळीत तीन पिवळे बारके दिवे लावलेले होते. "हे काय?" म्हटलं. "रॅप्टर लुक."

हे रॅप्टर प्रकरण मी नंतर वाचून काढलं, कारण समीक्षकाने मूळ कृती पाहिलेली असावी. फोर्डने अमेरिकेत 2010 च्या मॉडेलात एफ-150 या पिकअपची वाळवंटात उधळायची आवृत्ती काढली, ती रॅप्टर. नेहमीच्या गाडीपेक्षा ती सुमारे 7 इंच रुंद. पण ही रुंदी चकत्या घालून आलेली नव्हती. चाक धरणारे खालचे-वरचे दांडेच लांब केले होते, मागचा धुराही रुंद घेतला होता. दांडा लांब, म्हणून चाकाला वर-खाली जायला जागा जास्त, म्हणून खड्ड्यावरून पळता येतं. रुंदी त्या लांबीच्या मागून आली. आणि ते तीन दिवे? अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद गाडीला पुढे पिवळे दिवे लावणं कायद्याने भाग आहे, अंधारात समोरच्याला कळावं की जपून, अंगाने मोठी गाडी येत आहे. त्या गाडीला ते सरकारने लावायला लावले. जगभरच्या पोरांनी ते हौसेने लावून घेतले. जकात नाक्यावर सक्तीने मारलेला शिक्का कुणी कपाळावर गोंदवून घ्यावा, तसलाच हा प्रकार.

समीक्षक लोक कलाकृतीच्या घाटाबद्दल फार बोलतात. भाच्याला घाट एकच माहीत, कसाऱ्याचा. वाशीच्या बाजारात भाव बरा असला की तो तिकडे माल नेतो. म्हणून मी विचारलं, "वळणावर काय होतं?"

"मामा, रुंद गाडी उलटत नाही. उलट जास्त स्टेबल."

हे खोटं नाही. गाडी उलटण्याचं गणित बी.कॉम. माणसालाही जमतं: दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध घ्या, त्याला भाराच्या मध्यबिंदूच्या उंचीने भागा. आकडा जितका मोठा तितकी गाडी पक्की. समजा अंतर 1400 मिलिमीटर, आणि गोण्या भरल्यावर मध्यबिंदू जमिनीपासून 1000 वर. 700 भागिले 1000, म्हणजे 0.70. चकत्या घातल्यावर 730 भागिले 1000, 0.73. फायदा आहे. मी कबूल केलं.

"पण गाडी वर का उचललीस?"

तर चाक बाहेर आल्यावर वळताना मडगार्डला घासायला लागलं. माल भरला की जास्तच. म्हणून पाट्यांशी खटपट करून गाडी 2 इंच चढवली. म्हणजे 50 मिलिमीटर. 730 भागिले 1050. मी पाकिटाच्या मागे भागाकार केला आणि त्याच्यापुढे धरला: 0.695. चकत्यांना पैसे, उचलायला पैसे, आणि ताळेबंदात शेवटची शिल्लक जिथे होती तिथून किंचित खाली. अशी नोंद एखाद्या खात्यात दिसली की आम्ही मॅनेजरना बोलावतो.

भाचा पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण मामा, दिसते कशी?"

या प्रश्नाला समीक्षेत उत्तर नाही.

कायदाही मी सांगून पाहिला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली, दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "दर बदलामागे" हे शब्द मला फार आवडले. कायदा करणाऱ्यांत कुणीतरी कारकून असला पाहिजे. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी आधी चाकांकडे बोट दाखवणार आणि मग पतसंस्था माझ्याकडे. भाच्याचं म्हणणं, रस्त्यावर सगळेच फिरतात.

शेवटी पावसाळ्यात मी एकदा त्याच्याबरोबर लासलगावला गेलो. दीड टन माल मागे, मी पुढे, पांढऱ्या शर्टात. चाक मडगार्डच्या बाहेर असलं की चिखल मडगार्डला न विचारता उडतो, हे मला पहिल्या दोन किलोमीटरांत उघड्या खिडकीतून कळलं. पण ते राहू द्या. डावं चाक एका खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंग भाच्याच्या हातातून असं हिसकलं गेलं, की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचा चेहरा मला अजून आठवतो. तो शिव्या देत नव्हता. नुसता बघत होता.

दार बिजागरीपाशी ढकलून बघा, हलत नाही. कडेला ढकला, मुलगासुद्धा ढकलतो. चाकाचंही असंच. ते ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून जितकं बाहेर नेऊन बसवाल, तितकं खड्ड्याचं बळ वाढतं आणि हाताचं कमी पडतं. बेअरिंगची कथा वेगळी नाही. भरलेली पिशवी अंगाजवळ धरून बाजारातून घरी येता येतं. तीच हात लांब करून धरा, कोपऱ्यापर्यंत पोचणार नाही. त्या गाडीची बेअरिंगं वर्षभर हात लांब करून दीड टन कांदा वाहत होती. परतीच्या वाटेवर पुढच्या डाव्या चाकातून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला, तंबोरा जुळवल्यासारखा. भाच्याने रेडिओ मोठा केला. मी तो बंद केला. निफाड येईपर्यंत आम्ही दोघं तो आवाज ऐकत होतो, आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मी हप्ते मोजत होतो. एकतीस राहिले होते. तो काय मोजत होता माहीत नाही, पण घर आल्यावर गाडीतून उतरायला त्याला वेळ लागला.

बेअरिंग बदलायला गाडी दोन दिवस उभी होती, आणि त्यातला एक दिवस बाजाराचा. त्याच वेळी चकत्या निघाल्या, गाडी खाली आली. तीन पिवळे दिवे मात्र जाळीत तसेच आहेत. तेवढ्याला मी हरकत घेतली नाही. पोराचं वय आहे.

परवा बहिणीकडे गेलो तर ओट्यावर त्या चारही चकत्या. बोल्ट खाली करून ठेवल्या की पाय आल्यासारखे दिसतात. बहिणीने त्यांच्या अडण्या केल्या आहेत. भाताचं पातेलं तिने एकीवर ठेवलं आणि ते जरासं डुगडुगलं. भाच्याने जेवता जेवता मान वर केली.

"आई, ही अजून थोडी रुंद पाहिजे होती."