‘भागणे’ आणि ‘भागवणे’ : काटकसरीच्या मराठीविषयी काही विचार

मराठी वाङ्मयात काटकसरीचे चित्रण विपुल आहे. त्या चित्रणाची समीक्षा मात्र विरळ आहे. जी आढळते ती बहुधा दोन ठरीव वाटांनी जाते. एक वाट काटकसरीला सद्गुण मानून गृहिणीचा गौरव करते. दुसरी तिला विनोदाचा विषय मानून महिनाअखेरच्या कारकुनाबरोबर हसते. काटकसर कोण करतो, कशातून करतो आणि हे सांगताना भाषा कोणाला कर्ता करते, हा प्रश्न दोन्ही वाटांवर उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने विचारावयाचा आहे. आधार म्हणून काही परिचित ललितकृती घेतल्या असून, कसोटी म्हणून जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावाचा प्रपंच समोर ठेवला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘काटकसर’ ह्या जोडशब्दातील ‘काट’ म्हणजे कापणे. ‘कसर’ हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ तूट, अपूर्णांक असा आहे. म्हणजे जे हातात आहे त्यातून थोडे कापणे, ही काटकसरीची कल्पना होय. कापता येण्याजोगे काही शिल्लक असले पाहिजे, हे तिचे गृहीतक. ‘बचत’ त्याच्याही पुढची पायरी. तेथे खर्च भागून काही उरलेले असते. पण ज्या घरात कापावयासच काही नाही, त्याच्यासाठी भाषेने ‘ओढाताण’, ‘चणचण’, ‘ओढगस्त’ असे निराळे शब्द राखले आहेत. बोलणारा माणूस ह्या तिहींत सहसा गल्लत करीत नाही. समीक्षक मात्र तिन्ही स्थितींना ‘काटकसरी संसार’ हे एकच नाव देऊन मोकळा होतो, आणि अभावाला गुणाचे रूप येते.

ह्याहून महत्त्वाची आहे ती क्रियापदांची जोडी : ‘भागणे’ आणि ‘भागवणे’. ‘एवढ्यात भागते’ ह्या वाक्यात प्रथमान्त कर्ताच नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते आणि भागण्याची क्रिया जणू आपोआप घडते. ‘महिना भागला’ असे म्हटले तर महिनाच कर्ता होतो. ‘भागवणे’ हे प्रयोजक रूप. त्याला करणारा लागतो. तथापि व्यवहारात ‘भागवून घ्या’, ‘भागवून नेले’ अशा वाक्यांतून तोही बहुधा गळतो. ‘पुरणे’ व ‘पुरवणे’, ‘निभणे’ व ‘निभावणे’, ‘चालणे’ व ‘चालवणे’ ह्या जोड्यांचीही हीच तऱ्हा आहे. मराठीत कर्त्याचा अध्याहार सर्वत्र होतो, त्यात विशेष ते काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो व्याकरणापुरता खरा आहे. परंतु कमावण्याच्या क्रियापदाचा कर्ता आपण सहसा गाळीत नाही. ‘तो कमावतो’ हे स्पष्ट सांगतो. भागवण्याचा कर्ता मात्र गाळतो, आणि तो प्रायः स्त्री असतो. अध्याहार कोठे होतो व कोठे होत नाही, ह्या निवडीत समाजाची दृष्टी असते. म्हणूनच ती समीक्षेचाही विषय होते.

आता काळाच्या मापाकडे वळू. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, देण्याच्या अर्थाच्या क्रियापदापासून, मराठीत आला. त्याच्याबरोबर एक तारीख, महिनाअखेर आणि पुढचा पगार होईपर्यंत ताणून धरावयाचे दिवस ही सारी कल्पना रूढ झाली. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या संसारातील आर्थिक फजिती ह्याच चौकटीत घडते. ती हास्यकारक ठरते ह्याचे कारण लेखकाचे कौशल्य तर खरेच. पण पहिली तारीख येणार आहे, हे वाचकाला ठाऊक असते, हेही एक कारण आहे. शिवाय तेथे निवेदक तोच मिळवता आहे. काऊने काय केले हे चिमणरावाच्या तोंडून कळते. घर कसे भागले हे तिच्या तोंडून कळत नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ह्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. अंथरूण किती लांब आहे हे आधी दिसते, असे ती गृहीत धरते. पगारदाराला ते दिसते. अंबड तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला कापूस, सोयाबीन, तूर हाती येऊन विकली जाईपर्यंत ते दिसत नाही. आणि दिसते तेव्हा पाय पसरून चार महिने झालेले असतात, कारण बियाणे व खते ह्यांचा खर्च मृगातच झालेला असतो. म्हण चुकीची नाही; ती एका विशिष्ट उत्पन्नव्यवस्थेची आहे. सार्वत्रिक शहाणपण म्हणून ती लावली की, उत्पन्नाची अनिश्चितता माणसाच्या अविवेकाच्या खात्यावर जमा होते.

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी तेथे झालेल्या उपोषणामुळे महाराष्ट्रभर गेले. त्या मागणीचा विचार येथे कर्तव्य नाही. ह्या परिसराची ‘पगाराची तारीख’ कोणती, एवढेच पाहावयाचे आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड तालुक्याच्या काही भागात ऊस आणला. उरलेले रान पावसाच्या भरवशावर राहिले. म्हणून एकाच परिसरात निरनिराळी पंचांगे नांदतात. शेतमजुराचा रोज, कापूस वेचणाऱ्या बाईची किलोवर मिळणारी मजुरी, कपाशीचा हंगाम, कारखान्याकडून येणारे उसाचे बिल, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची ‘उचल’. उचल तर पगाराच्या नेमकी उलट आहे : पैसा आधी येतो, तो बहुधा आधीच्या देण्यात जातो, आणि श्रम नंतर फेडावे लागतात. ह्या व्यवहारात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दोन माणसांचे एक हत्यार होते, आणि बाईची मजुरी ह्या एकवचनात विरून जाते.

‘हप्ता’ ह्या शब्दाचा प्रवासही येथे बोलका आहे. फारसीत सातावरून आलेला हा शब्द आठवड्याचा वाचक. आज गावात ‘हप्ता आला का’ असे विचारतात तेव्हा कधी शेतकरी सन्मान निधीचे, वर्षातून तीनदा येणारे २,००० रुपये अभिप्रेत असतात, तर कधी २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये. आठवड्याच्या शब्दाने महिना आणि चार महिने असे दोन्ही काळ सांगितले जातात. योजनांच्या गुणदोषांचा निर्णय अर्थशास्त्राने करावा. भाषाभ्यासकाने एवढे नोंदवावे की, ‘माझा हप्ता’ हा षष्ठीचा प्रयोग ह्या निमित्ताने कित्येक स्त्रियांच्या बोलण्यात आला.

जुनी धान्यमापे ह्याच संदर्भात आठवतात. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर : प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे क्रमाने रूढ झाली. तत्पूर्वी मापट्यावरून चिपट्यावर येणे हीच ताणून धरण्याची रीत होती, आणि तिला नावे होती. मराठवाड्यात तर नाण्यांचाही हिशेब दुहेरी होता. निजामी राज्यातील हाली सिक्का आणि इंग्रजी अमलातील कलदार ह्यांचा भाव साधारणपणे सातास सहा असा असल्याने, रुपया म्हणताच ‘कोणता?’ हे विचारावे लागे. अशा हिशेबी शब्दसंपत्तीचा धनी असलेला समाज अडाणीपणामुळे खर्चिक ठरला, हे विधान म्हणूनच सावधपणे ऐकले पाहिजे.

ह्या पार्श्वभूमीवर दोन कादंबऱ्या शेजारी ठेवाव्यात. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) विदर्भातील, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) मराठवाड्यातील. दोहोंत शिवणकामावर पोट असलेले घर आहे आणि ते सावरण्याचा भार स्त्रीवर आहे. ‘धग’चे निवेदन तृतीयपुरुषी आहे, संवाद वऱ्हाडी आहेत. कौतिकची धडपड निवेदक अत्यंत सहानुभूतीने सांगतो. तरीही हिशेब तिच्या मनातून निवेदकाच्या भाषेत येतो. ‘पाचोळा’मध्ये गंगाराम शिंप्याची बायको स्वतःच, आपल्या बोलीत, सर्व सांगते. येथे भागवण्याच्या क्रियापदाला कर्ता परत मिळतो. घरात काय होते, काय संपले, कोणाकडे मागितले, हे ज्याने केले त्याच्याच तोंडून येते. बोली ही येथे प्रादेशिक रंग नव्हे. ती साक्षीची भाषा आहे. ‘पाचोळा’च्या बोलीची स्तुती पुष्कळ झाली, पण ती मुख्यतः अस्सलपणाची. तिचे खरे सामर्थ्य कर्तृपदाच्या ह्या पुनःस्थापनेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा फरक केवळ ग्रामीण-नागर असा नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीचा सढळ हात आणि घरातील तंगी ह्यांचा झगडा प्रथमपुरुषी येतो, लक्ष्मीबाई हसतात, पण हसताना ‘मी’ गाळीत नाहीत. तेव्हा निकष प्रदेशाचा नसून निवेदकाच्या स्थानाचा आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) तर मोबदल्याच्या एका पद्धतीचे नावच शीर्षकस्थानी ठेवले. गावकीचे काम वर्षभर करावयाचे आणि धान्याचा वाटा खळ्यावर मागून आणावयाचा, ही जिथे रीत, तिथे ‘काटकसर’ हा शब्द लावणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे.

ही समीक्षा नसून समाजशास्त्र झाले, असे कोणी म्हणेल. पण येथे प्रश्न कृतीतील वस्तुस्थितीचा नाही, तिच्या वाक्यरचनेचा आहे. दारिद्र्याचे वर्णन करणारी कृती आणि ते कोणी पेलले हे सांगणारी कृती ह्यांत कलादृष्ट्या अंतर आहे, आणि ते क्रियापदांच्या पातळीवर दाखविता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ग्रामीण कादंबरीचा अभ्यास करताना ‘भागणे’, ‘पुरणे’, ‘चालणे’ ह्या धातूंची साधी व प्रयोजक रूपे वेचून त्यांचे कर्ते नोंदवावेत. त्याबरोबरच अंबड, घनसावंगी, गेवराई ह्या भागांतील स्त्रियांच्या बोलण्यातून उचल-उसनवारीचे शब्द प्रत्यक्ष गोळा करावेत. चिपट्या-मापट्याने घर चालविलेली पिढी आता थोडी उरली आहे.

‘भागणे’ ह्या धातूचा मराठीत आणखी एक अर्थ आहे : थकणे. ‘थकलीभागली’ असे आपण म्हणतो. कोशात ही दोन रूपे स्वतंत्र धरावयाची की एक, हा व्युत्पत्तीचा प्रश्न आहे. वाचनात मात्र पहिल्या अर्थाचे ‘भागले’ आले की दुसऱ्या अर्थाने कोण भागले, हे विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घ्यावी. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरले तर जेवणारी बाई उपोषण करीत नसते. भाषा तिच्या त्या न जेवण्याला ‘भागवून घेतले’ एवढेच म्हणते.