चिंधीचे स्वातंत्र्य

‘जैत रे जैत’ हा चित्रपट आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना आठवतो तो त्यातील गाण्यांमुळे. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचे संगीत यांचे ऋण आम्हीही मानतो. परंतु गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेल्या या चित्रपटाकडे आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते चिंधीसाठी.

स्मिता पाटील यांनी उभी केलेली ही ठाकर स्त्री नावडत्या नवऱ्याचे पैसे फेडून मोकळी होते आणि मनाजोगता पुरुष निवडते. मराठी पडद्यावरील रडव्या नायिकांच्या गर्दीत ती ताठ मानेने वावरते, हे दिग्दर्शकाचे मोठेच यश होय. आमची तक्रार निराळी आहे. कथेतील सारे वैर नाग्या आणि राणीमाशी यांच्यात आहे. चिंधी मरते तीही माश्यांच्या डंखांनी. वाडीबाहेरच्या माणसापासून अशा स्त्रीला काही धोका असतो, याची चाहूल फारशी लागतच नाही.

कर्नाळ्याच्या ज्या परिसरात ही कथा घडते, तेथून कर्जत-खालापूर काही दूर नाही. तेथील वाड्यांवरची, विशेषतः कातकऱ्यांची, कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. मालक आगाऊ उचल देतो, ती बहुधा पुरुषाच्या हाती. मजुरी मोजली जाते ती जोडप्याची. बाईच्या श्रमाला स्वतंत्र दाम नाही. चिंधी पैसे फेडू शकली, कारण तिची कमाई तिची होती. भट्टीवरच्या बाईने मारकुट्या नवऱ्याला सोडावयाचे म्हटले, तर जोडी मोडते आणि उचल फिटेपर्यंत मालकही तिला सहजी जाऊ देत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा मात्र १९७६ चा, म्हणजे चित्रपटाच्या आदल्याच वर्षीचा!

आदिवासी स्त्री ‘मोकळी’ असते, या पांढरपेशा कौतुकालाही एक काळी बाजू आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हाच तो मथुरा खटला. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वसंबंधांवर बोट ठेवले. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले; तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचे एक कारण. चौघा कायदेपंडितांनी खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कोठे १९८३ मध्ये कायदा बदलला. पडद्यावर ज्या स्वातंत्र्याला आम्ही टाळ्या दिल्या, तेच न्यायालयात तिच्याविरुद्ध उभे राहिले.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. चिंधीच्या कथेचे हे पुढचे पान आहे, असे आम्हांस वाटते. मात्र डोंगरउतारावरच्या त्या जमिनीत पीक येते ते पावसाळ्यापुरते. दिवाळीनंतर मुकादम वाडीवर येतो आणि उचलीच्या वहीत बहुधा पुन्हा एकच नाव चढते.