चित्र उरले, नोंद गेली

छायाचित्रे सुधारणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या आज्ञावल्यांचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे, परीक्षण बहुधा एकाच अंगाने केले जाते. चित्र किती उजळते, रंग किती खुलतात, काम किती झटपट होते, एवढेच त्यात पाहतात. या लेखात आम्हाला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. जुना संगणक थकला, नवा आला, आज्ञावलीची आवृत्तीही बदलली. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांचा छायाचित्रसंग्रह आपल्या सर्व नोंदींसह नव्या घरी सुखरूप पोहोचतो का? लाइटरूम, अ‍ॅपर्चर आणि पिकासा या तीन परिचित आज्ञावल्या आम्ही या एकाच कसोटीवर घासून पाहणार आहोत.

हा प्रश्न शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भंडारा जिल्ह्यापुरते तरी सोपे आहे. हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव येथे गावोगाव आहेत. एखाद्या शाळेने एकाच पाळीवरून, एकाच दिशेने, दरवर्षी जूनमध्ये आणि जानेवारीत तलावाचे छायाचित्र घेतले, तर दहा वर्षांत बेशरमचे झुडूप किती पसरले, कमळाची पाने किती मागे हटली, पाणी कुठवर उतरले याची मालिकाच तयार होते. कॅमेरा हे शाळेच्या हाती असलेले स्वस्त आणि उत्तम वैज्ञानिक उपकरण आहे. मात्र मालिकेतील चित्रांची तारीख आणि जागा पुसली गेली, की तो पुरावा राहत नाही. नुसती सुंदर चित्रे उरतात.

आता या आज्ञावल्या काम कसे करतात ते पाहू. त्यांचे मूळ तत्त्व चांगले आहे, आणि ते तलाठ्याच्या दप्तराशी ताडून पाहिले तर चटकन समजते. शेताचा मालक बदलला तरी शेत जागेवरच राहते. बदल गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. तसेच येथे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ चित्राला हात लावला जात नाही. 'उजेड अर्धा टप्पा वाढवा, डावीकडचा भाग कापा, हे पक्षी कमळपक्षी आहेत' अशा सूचना वेगळ्या दप्तरात लिहिल्या जातात. पडद्यावर दिसते ते मूळ चित्र आणि या सूचना यांचे त्या क्षणी केलेले मिश्रण असते. मूळ नोंद अबाधित ठेवून तिच्यावरचे संस्कार वेगळे लिहावेत, ही शिस्त प्रयोगशाळेच्या वहीतही आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तेव्हा या तत्त्वाला आमचे पूर्ण गुण.

अडचण स्थलांतराच्या वेळी सुरू होते. संग्रह म्हणजे एक वस्तू नसून तीन वस्तू असतात: मूळ चित्रे, दप्तर, आणि दप्तराची भाषा जाणणारी आज्ञावली. नुसती चित्रे नव्या संगणकावर नेली तर सर्व फेरफार मागे राहतात. नुसते दप्तर नेले तर आणखी फसगत होते. आज्ञावलीने लवकर दाखवण्यासाठी चित्रांच्या लहान प्रतिमा साठवलेल्या असतात. त्याही सोबत आल्या, तर पडद्यावर सगळे जसेच्या तसे दिसते आणि स्थलांतर पार पडले असे वाटते. मूळ चित्रे जुन्या तबकडीवरच राहिली आहेत, हे ती तबकडी भंगारात गेल्यावर कळते. लाइटरूमचे दप्तर प्रत्येक चित्राचा पूर्ण पत्ता लिहून ठेवते. नव्या संगणकात कप्प्याचे नाव बदलले की ते चित्र हरवल्याची खूण दाखवते. हा दोष मात्र किरकोळ आहे. वरच्या कप्प्याचा नवा पत्ता एकदा दाखवला की आतील सर्व चित्रे पुन्हा जुळतात.

गंभीर दोष तिसऱ्या वस्तूचा आहे. आज्ञावलीच नाहीशी झाली तर? अ‍ॅपल कंपनीने अ‍ॅपर्चरचा विकास थांबवत असल्याचे 2014 साली जाहीर केले आणि 2015 मध्ये तिची विक्री बंद केली. 2019 साली आलेल्या कॅटॅलिना या मॅक प्रणालीवर ती चालेनाशी झाली. अ‍ॅपर्चरमधून लाइटरूममध्ये जाण्यासाठी सोय करण्यात आली होती. तीत चित्रे, त्यांचे गट, शोधशब्द आणि तारे पोहोचत, पण केलेल्या सुधारणा पोहोचत नसत. पिकासाची गोष्टही अशीच. ती मोफत आणि वापरायला सोपी होती. गूगलने 2016 मध्ये ती बंद केली. पिकासा केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधील एका छोट्या फाइलमध्ये लिहीत असे. दुसरी आज्ञावली ती फाइल वाचत नाही, त्यामुळे तेथे चित्र मूळ रूपात उघडते.

सुधारणाच का पोहोचत नाहीत? यात विज्ञानशिक्षकाला रस वाटावा असा एक मुद्दा आहे. लाइटरूममध्ये उजेड +1 केला तर ढोबळमानाने प्रकाश दुप्पट केल्यासारखे होते. येथे संख्येला भौतिक अर्थ आहे, एकक आहे. ही सूचना दुसऱ्या आज्ञावलीला समजावता येते. परंतु 'गडद-उजळ फरक +20' याला एकक कोणते? वीस काय? ते त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनी ठरवलेल्या सूत्रातील स्थान आहे, आणि सूत्र कंपनीच्या पोटात. एककाशिवाय राशी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. येथे जगभरचे छायाचित्रकार वर्षानुवर्षे एकक नसलेल्या राशी नोंदवत आहेत, आणि त्या दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत याचे त्यांना आश्चर्य वाटते!

सूत्र एकाच आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीतही बदलते. तीच सूचना, तेच मूळ चित्र, पण निकाल वेगळा असे होऊ शकते. लाइटरूमने या बाबतीत दाखवलेली शिस्त वाखाणण्याजोगी आहे. प्रत्येक चित्रासोबत 'प्रक्रिया-आवृत्ती' नोंदलेली असते. 2010 च्या सूत्राने केलेले चित्र, वापरणाऱ्याने स्वतः बदलले नाही तर, आजही त्याच सूत्राने दाखवले जाते. याच कंपनीचा दुसरा निर्णय मात्र आम्हाला खटकतो. 2017 नंतर नवी आवृत्ती कायमची विकत घेण्याची सोय उरली नाही. वर्गणी भरावी लागते. वर्गणी थांबली तरी संग्रह पाहता येतो आणि चित्रे बाहेर काढता येतात, एवढे मान्य करू. पण सुधारणेची दालने बंद होतात. ज्या शाळेला खडूचे पैसे जुळवताना ओढाताण होते, तिने आपली निरीक्षणे अशा दप्तरात ठेवावीत का, याचा विचार व्हायला हवा.

मुक्त आज्ञावल्या हा यावर उपाय आहे असे सांगितले जाते. डार्कटेबल किंवा डिजिकॅम विनामूल्य मिळतात, आणि त्यांची सूत्रे कोणालाही वाचता येतात. शोधशब्द व वर्णन लिहिण्यासाठी त्या एक्सएमपी ही पद्धत वापरू शकतात. 2012 पासून ती आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्यामुळे नोंदी एकाकडून दुसरीकडे जातात. सुधारणा मात्र येथेही बव्हंशी ज्या त्या आज्ञावलीपुरत्याच राहतात. म्हणजे रोग कंपनीच्या लोभापुरता नाही. तो एकक नसलेल्या राशींचाही आहे.

सुधारणा गेली तर चित्र थोडे मळकट दिसेल, इतकेच. नोंद गेली तर काय होते? सारस क्रौंच महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. भंडाऱ्यात तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. अशा पक्ष्याच्या एका जोडीचे छायाचित्र कोणत्या तलावावर आणि कोणत्या महिन्यात घेतले, हे माहीत असणे चित्राच्या सुबकतेपेक्षा मोलाचे आहे. देशातील 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे मिळाली. त्यांतील वाघांची चित्रे 76,651 होती. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. पण तो कोठे आणि केव्हा होता हे चित्रासोबतची नोंदच सांगते.

जागेची नोंदही विचारपूर्वक करावी लागते. नागझिरा अभयारण्य 1970 सालचे. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. 1 मे 1999 रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नागझिरा गोंदिया जिल्ह्यात गेले. 1998 च्या चित्राला 'भंडारा' हा शोधशब्द दिला असेल तर तो त्या वेळी बरोबरच होता. आज तोच शब्द वाचणाऱ्याची दिशाभूल करील. म्हणून गाव, तलावाचे नाव आणि शक्य तर अक्षांश-रेखांश लिहावेत. जिल्ह्यांच्या सीमा हलतात, अक्षांश हलत नाहीत.

तारखेचेही तसेच. विंडोज संगणकात फाइलची प्रत नव्या जागी केली की 'निर्मितीची तारीख' म्हणून प्रत केल्याचा दिवस दिसतो. त्या तारखेने चित्रे लावली तर दहा वर्षांचा तलाव एका दुपारी टिपलेला दिसेल! कॅमेऱ्याने चित्राच्या पोटात लिहिलेली एक्झिफ तारीख प्रमाण मानावी. तीही कॅमेऱ्यातील घड्याळाइतकीच खरी असते, हे विसरू नये.

मराठीत नोंदी करणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजी परीक्षणांतून तिचा उल्लेख सापडत नाही. युनिकोडपूर्वीच्या कृतिदेव किंवा तत्सम टंकांत लिहिलेले वर्णन तो टंक नसलेल्या ठिकाणी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन दिसते, कारण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरेच. युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'पांढऱ्या मानेचा करकोचा' या नावातील 'ऱ' एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा साधा 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही. मॅक संगणकांची जुनी फाइल-व्यवस्था फाइलींच्या नावांत दुसरी पद्धत वापरी. विंडोजवर टंकलेल्या नावात बहुधा पहिली असते. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात, पण चिन्हे जुळवून पाहणाऱ्या आज्ञावलीला ती दोन वेगळी वाटू शकतात. फाइलीचे नाव अंक आणि रोमन अक्षरांत ठेवून मराठी वर्णन नोंदीत लिहावे, हा यावरचा सोपा मार्ग.

सर्व काही नीट पोहोचले याची खात्री कशी करायची? येथे आपला जुना ताळा उपयोगी पडतो. 4836 ची अंकबेरीज 21, म्हणजे ताळा 3. उतरवताना 4835 झाले तर ताळा 2 येतो आणि चूक पकडली जाते. पण 4386 झाले तर ताळा 3 च राहतो. नवांच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही. संगणकात फाइलीचा ताळा काढण्याच्या अधिक कडक रीती आहेत. एसएचए-256 ही त्यांपैकी एक. ती कितीही मोठ्या फाइलीपासून 256 बिटांची एक संख्या बनवते, आणि फाइलीत एक बिट जरी बदलला तरी ती संख्या पार वेगळी येते. ही सोय विंडोज व लिनक्स दोहोंत आहे. जुन्या आणि नव्या प्रतींचे ताळे जुळल्याशिवाय जुनी तबकडी पुसू नये. वर्गात नवांचा ताळा शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

आमचा निष्कर्ष असा. चित्र सुधारण्याचे साधन म्हणून या आज्ञावल्या उत्तम आहेत. नोंदी जपण्याचे एकमेव ठिकाण म्हणून त्यांच्यापैकी एकीवरही विसंबू नये. मूळ चित्रे साध्या, वर्षवार फोल्डरांत ठेवावीत. शोधशब्द व वर्णन चित्रातच किंवा त्याच्या शेजारी एक्सएमपीत लिहून घ्यावे. महत्त्वाच्या सुधारित चित्राची पक्की जेपेग किंवा टिफ प्रत काढावी. यांखेरीज तारीख, गाव, तलाव, दिशा आणि निरीक्षकाचे नाव अशा पाच रकान्यांची एक वही शाळेत असावी. पवनीच्या उत्खननाचा अहवाल 1972 साली छापला गेला. त्यातील 1969-70 ची छायाचित्रे पाहण्यासाठी आजही कोणती आवृत्ती लागत नाही. पान उघडले की चित्र दिसते आणि त्याखालची ओळ वाचता येते. शाळेच्या तलावाचे चित्रही पन्नास वर्षांनी इतक्याच सहजपणे वाचता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.