अशक्याची साक्ष

गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतल्या कथा वाचताना एक गोष्ट सारखी खुपते आहे. मेलेली आजी माळ्यावरून खाली उतरते, कावळा घरातल्यांची नावं घेऊन बोलू लागतो, बुडालेलं गाव विहिरीतून वर येतं. आणि नेमक्या त्या क्षणी लेखकाची भाषा बदलते. तोवर सरळ चालणारं वाक्य लांबतं, त्यात धुकं शिरतं, चंद्र शिरतो, वाक्याच्या शेवटी तीन टिंबं येतात. अद्भुत येतं आहे, वाचकांनी तयार राहावं, असं लेखकच बजावतो. संपादक कथेच्या डोक्यावर ‘जादुई वास्तववाद’ असं छापतात आणि परीक्षणकर्ते तोच शब्द परत करतात. या कथेला सगळे धाडसी म्हणतात. मला ती घाबरलेली वाटते. जे घडलं म्हणून ती सांगते, त्यावर तिचाच विश्वास नसतो.

या चिडीतूनच विलास सारंग पुन्हा वाचायला घेतले. ‘सोलेदाद’ १९७५ साली आला, ‘आतंक’ १९९९ साली. मधल्या काळात ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ आणि नंतर २००६ मध्ये ‘द विमेन इन केजेस’ हे इंग्रजी संग्रह. जो प्रश्न आजच्या कथेला सुटत नाही, तो या माणसानं पन्नास वर्षांपूर्वी सोडवून ठेवला होता. आपण त्यांना ‘मराठीतला काफ्का’ म्हटलं आणि विषय मिटवला.

एम. चक्कोची कथा घ्या. हा माणूस एका बेटावर जाऊन राहिलेला आहे आणि त्या बेटावरच्या बायका अर्ध्याच असतात: काही फक्त वरच्या, काही फक्त खालच्या. एवढं ऐकलं की आजचा कथाकार काय करील ते सांगायला नको. सारंग ही गोष्ट मुलाखतीच्या स्वरूपात मांडतात. कुणी तरी प्रश्न विचारतो, चक्को उत्तर देतो. प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि उत्तरंही. चक्कोला आश्चर्य दाखवायची गरज नाही, कारण तो तिथे राहून आलेला आहे. आश्चर्य केव्हाच शिळं झालं आहे आणि उरल्या आहेत त्या सवयी, गैरसोयी, आवडीनिवडी. मुलाखत हा वर्तमानपत्री प्रकार आहे. तो आपण खऱ्या माणसांच्या बाबतीत वाचतो, म्हणून त्याच्यासोबत खरेपणाची हमी आपोआप येते. सारंग ती हमी उचलतात आणि अशक्य गोष्टीच्या नावावर जमा करतात. मग वाचकाच्या मनात ‘असं कसं होईल?’ हा प्रश्न उठतच नाही. त्याऐवजी फार अवघड प्रश्न उठतो: बाईकडे असं तुकड्यातुकड्यांनी पाहणारा हा पुरुष मला इतका ओळखीचा का वाटतो?

दुसरीकडे एक गिधाड बोलतं. तेही गोष्ट सांगत नाही, साक्ष देतं. साक्षीदारानं पाहिलं तेवढं सांगायचं असतं, उपमा द्यायच्या नसतात. गणेशोत्सवाच्या कथेत विसर्जनाच्या दिवशी मूर्ती जिवंत होतात आणि पाण्यात जायचं नाकारून पळ काढतात. तिथेही लेखकाचं लक्ष चमत्काराकडे कमी आणि गर्दीचं पुढे काय होतं याकडे जास्त. मुंबईतल्या एका वेश्येच्या अंगावर इंद्राच्या शापाचं शरीर येतं, तेव्हा पुराणकथा सरळ धंद्याच्या हिशेबात उतरते. या सगळ्या कथांची रीत एक आहे. अशक्य गोष्ट पहिल्याच परिच्छेदात मान्य करून टाकायची, आणि तिथून पुढे कुठेही सूट घ्यायची नाही. मुलाखत, साक्ष, वृत्तांत, खलाशाची थाप, पिवळ्या पुस्तकातला प्रसंग, देवाची पोथी: सारंगांनी हे सगळे प्रकार एकत्र आणले, पण प्रत्येकाचे नियम पाळले. प्रकारांची सरमिसळ म्हणजे नियमांतून सुटका, असा आजचा समज आहे. सारंगांच्या कथेत प्रकार दोन असले की नियमही दुप्पट होतात.

‘सोलेदाद’च्या आगेमागेच, १९७५ मध्ये, जी. ए. कुलकर्ण्यांचा ‘रमलखुणा’ आला. जी.एं.बद्दल मला कमी आदर आहे असं कुणी समजू नये. पण ‘प्रवासी’ किंवा ‘इस्किलार’मध्ये अद्भुतासाठी आधी प्रदेश बदलावा लागतो. नाव नसलेली वाळवंटं, खडक, बुरूज, आणि तिथे जाणारी वेगळी भाषा. जी.एं.ना ते पेललं. त्यांच्या अनुकरणानं मराठी कथेचं चाळीस वर्षं नुकसान केलं, कारण अनुकरण करणाऱ्यांनी तेवढा प्रदेश आणि तेवढी भाषा उचलली. सारंगांचं बेट वगळलं तर त्यांचं अद्भुत चौपाटीवर घडतं, भाड्याच्या खोलीत घडतं. दिलीप चित्र्यांच्या ‘ऑर्फियस’मधल्या कथा कवीच्या कथा आहेत, त्यांचा वारसा कवितेकडे गेला. नारळीकरांच्या विज्ञानकथेत कल्पना नेहमीच माणसांपेक्षा हुशार असते. नवकथेनं मनाच्या तळघरात दिवा नेला, पण तळघरात जे होतं ते स्वप्न किंवा प्रतीक म्हणूनच वर आणलं; प्रतीकाला हात लावता येत नाही. सारंगांच्या कथेतल्या गोष्टींना हात लावता येतो, वास येतो, त्या कुजतात.

सारंगांच्या उत्तरकाळातल्या इंग्रजी कादंबऱ्या मी बाजूला ठेवतो. ‘द धम्मा मॅन’मध्ये विषय मोठा आहे आणि पकड सैल. ‘एन्कीच्या राज्यात’ मात्र ठेवत नाही. बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवलेल्या वर्षांतून आलेली ही कादंबरी आहे आणि हुकूमशाहीत रोजचं जगणंच कसं अशक्य कोटीतलं होतं हे ती दाखवते. तिथे सारंगांना कल्पना करावी लागली नाही. तीच कोरडी साक्षीदाराची नजर त्यांनी जशीच्या तशी वापरली आणि ती पुरली. म्हणून मला वाटतं की सारंगांना ‘फँटसीचे लेखक’ म्हणणं चूक आहे. त्यांची एक पाहण्याची रीत होती, ती इराकलाही लागू पडली आणि अर्ध्या बायकांच्या बेटालाही.

आता संपादक सारंग. ऐंशीचं दशक सरताना त्यांनी १९५० नंतरच्या भारतीय इंग्रजी कवितेचं संकलन केलं. ती १९५० ची रेघच एक मत आहे. त्या रेघेनं तोरू दत्त, सरोजिनी नायडू, अरविंद ही सगळी परंपरा बाहेर राहिली. संपादकाचं काम नाही म्हणण्याचं असतं आणि हा माणूस नाही म्हणू शकत होता. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी स्वतःच्या कथांवर केलेलं संपादन. तीच कथा मराठीतून इंग्रजीत जाताना पुन्हा तपासली जाते, पुन्हा कुणाच्या शेजारी ठेवायची ते ठरतं, एका संग्रहातून दुसऱ्यात जाते. भाषांतराच्या शैलीशास्त्रावर ज्यानं पुस्तक लिहिलं, त्याला प्रत्येक वाक्य दोनदा तोलायची सवय होती. त्यांच्या मराठी गद्यातला कोरडेपणा काहींना इंग्रजी वळणाचा वाटतो. मला तो दोन भाषांच्या चाळणीतून गेलेल्या वाक्याचा कोरडेपणा वाटतो. दुसऱ्या भाषेत जे टिकत नाही ते पहिल्या भाषेत सजावट म्हणून होतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

आज कथेला अशी चाळणी कोण लावतं? राम पटवर्धन ‘सत्यकथा’त लेखकाबरोबर कथेच्या ओळी न् ओळीवर बसत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं आणि ती बैठकही मोडली. दिवाळी अंकाचं वेळापत्रक असं की जूनमध्ये कथा मागवायची, ऑगस्टमध्ये जुळणी सुरू करायची, जाहिराती आल्या की पानं ठरवायची. ‘ही कथा परत लिहा’ असं म्हणायला त्यात जागाच राहत नाही. पण ‘सत्यकथा’च्या आठवणीत मी रमणार नाही, कारण आजच्या आजाराचं मूळ तिथेच आहे. गंभीर कथा एका मासिकात आणि रहस्य, भय, अद्भुत ‘नवल’सारख्या मासिकांत, ही वाटणी त्याच काळात पक्की झाली. एका बाजूला प्रतिष्ठा गेली, दुसऱ्या बाजूला वाचक गेला.

ही वाटणी खोटी होती. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ केली म्हणून नाकं मुरडली गेली. पण धारपांच्या चांगल्या पानांवर काय आहे ते पाहा. एक नोकरदार माणूस, एक घर, घराचा व्यवहार, आणि सरळ, पायरी पायरीनं दिलेला तपशील. भीती सांगताना धारप आवाज चढवत नाहीत. मतकऱ्यांच्या ‘खेकडा’तही तेच. अशक्य गोष्ट साध्या वाक्यात ठेवायची शिस्त मराठीत कुणी जिवंत ठेवली असेल तर ती या ‘हलक्या’ म्हटल्या गेलेल्या लेखकांनी. सारंग त्यांचे सख्खे नातेवाईक आहेत. त्यांना काफ्काच्या आणि बेकेटच्या घरी नेऊन बसवलं, कारण तसं केलं की धारपांशी असलेलं नातं कबूल करावं लागत नाही.

नेमाड्यांनी तर कथा हा प्रकारच क्षुद्र ठरवला आणि आमच्या विद्यापीठांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं. कादंबरी समाजाचा पट मांडते, कथा चुटका सांगते, हा तो युक्तिवाद. या युक्तिवादाला सारंगांच्याच पुस्तकांच्या कपाटात उत्तर आहे. २००८ चं ‘मॅनहोलमधला माणूस’ मराठी वाङ्मय आणि जातिवास्तव यांबद्दल आहे. ज्याला आपण वास्तवापासून पळालेला म्हणालो, त्यानंच उलटून विचारलं की तुमच्या वास्तववादी साहित्यातून मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस गेला कुठे? हा प्रश्न आणि अर्ध्या बायकांचं बेट एकाच लेखकाचे आहेत, हा योगायोग मानायला मी तयार नाही. कुणाच्या शरीराचा कोणता भाग समाजाला दिसतो आणि कोणता दिसत नाही, हा दोन्हीकडचा विषय आहे. समाजाचा पट मांडण्यासाठी पाचशे पानं लागतातच असं ज्यांना वाटतं, त्यांनी चक्कोची मुलाखत एका बैठकीत वाचावी.

पुरावा नंतरच्या कथेतही आहे. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये ‘तर्काच्या खुंटीवरून निसटलेलं रहस्य’ ही कथा आहे. तिथे रहस्यकथा गिरणगावाच्या वास्तवाचं हत्यार होते. पवार नाटककार होते, पत्रकार होते. वृत्तांताची भाषा त्यांना ठाऊक होती आणि म्हणून त्यांचं अद्भुत डळमळत नाही. हृषीकेश गुप्त्यांची ‘अंधारवारी’ भयकथांची. पुढे ‘दंशकाल’ आली तेव्हा अनेकांनी, लेखक आता गंभीर साहित्यात आला, असा सूर लावला. कुठून आला? ‘अंधारवारी’तून ‘दंशकाल’कडे येताना गुप्त्यांनी कोणतीही सीमा ओलांडलेली नाही. भयकथेत वातावरण बांधायला जे हात शिकले तेच हात कादंबरीत आहेत, आणि ज्यांनी पहिलं पुस्तक वाचलं नाही त्यांना दुसऱ्याची कारागिरी कळणार नाही.

माझं मागणं स्पष्ट आहे. मराठी अद्भुतकथेचं एक संकलन व्हावं आणि ते प्रकारांच्या कप्प्यांत विभागलेलं नसावं. धारप आणि जी.ए. शेजारी छापावेत. मतकरींच्या मागोमाग सारंग यावेत, मग पवार, मग गुप्ते, आणि वाचकाला कोणाचं नाव कुठल्या कपाटातलं हे आठवायला वेळ मिळू नये. ते संपादन करणाऱ्यानं प्रत्येक कथेला एकच कसोटी लावावी: अशक्य घटना येते त्या ओळीच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य एकाच माणसानं एकाच आवाजात लिहिलं आहे का? या कसोटीवर गेल्या दशकातल्या गाजलेल्या कथांपैकी बऱ्याच बाहेर राहतील आणि त्या बाहेर राहायलाच हव्यात. तेच संकलन पदव्युत्तर अभ्यासक्रमात लागलं, तर ‘कथेचा ऱ्हास’ या विषयावर दर वर्षी होणारी चर्चासत्रं बंद करता येतील, कारण ऱ्हास कथेचा झालेला नाही. तो वाचणाऱ्या प्राध्यापकांच्या हिमतीचा आणि निवडणाऱ्या संपादकांच्या कष्टांचा झाला आहे. आणि त्या संकलनाच्या प्रस्तावनेत ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द एकदाही नसावा.