घोड्यांचे मृत्यू आणि जोखमीचे तक्ते

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ सांता अनिता नावाचे जुने रेसकोर्स आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासून मार्च २०१९ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे तीनच महिन्यांत, तेथे शर्यतीत किंवा सरावात २३ घोडे मेले. त्या हिवाळ्यात पाऊस भरपूर झाला होता, त्यामुळे पहिला संशय धावपट्टीवर गेला. ५ मार्चला शर्यती थांबवण्यात आल्या. तज्ज्ञांनी रडारने जमिनीखालचे थर तपासले आणि पट्टी ठीक असल्याचा निर्वाळा दिला. २९ मार्चला शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि ३१ मार्चला तेविसावा घोडा गेला.

वर्षभराने कॅलिफोर्नियाच्या अश्वशर्यत मंडळाचा अहवाल आला. २३ पैकी २२ मृत्यू हाडे किंवा सांधे मोडल्यामुळे झाले होते. या २२ पैकी २१ घोड्यांत, जेथे हाड मोडले त्याच जागी आधीपासूनची इजा शवविच्छेदनात दिसली. बंदी असलेली औषधे सापडली नाहीत. पावसाचा परिणाम झालेल्या पट्टीवर नऊ घोडे मेले होते. चौदांचा पावसाशी संबंध नव्हता. थोडक्यात, ज्याला आपण अपघात म्हणतो त्याची तयारी हाडात कित्येक आठवडे चालू होती.

ही तयारी कशी होते ते आधी पाहू. आपल्या हाताचे मधले बोट डोळ्यांसमोर आणा. घोडा चार पायांच्या याच बोटांवर, तेही नखाच्या टोकावर, धावतो. त्याचे खूर म्हणजे नख. बोट तळहाताला जेथे जोडले जाते, तो सांधा घोड्यात खुराच्या थोडा वर, नळीच्या हाडाखाली असतो. त्याच्या मागच्या बाजूस सिसॅमॉइड नावाची दोन छोटी हाडे असतात. घोडा चौखूर उधळला की क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो. पुढच्या पायावर हा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट होतो. घोडा ४८० किलोचा धरला, तर १२०० किलो. तो या सांध्यावर येतो आणि सांधा जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत वाकतो. शर्यतीतले प्राणघातक अस्थिभंग बरेचसे येथेच होतात.

हाड म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत ऊती आहे. वारंवार भार पडला की तिच्यात सूक्ष्म तडे पडतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी तडा गेलेला भाग खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तेथे नवे हाड भरतात. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. या मधल्या काळात हाड सच्छिद्र आणि कमजोर असते. भिंत दुरुस्त करताना जुन्या विटा काढल्या आणि नव्या बसायच्या आहेत, नेमक्या त्याच वेळी वर मजला चढवावा, तसा प्रकार. म्हणून विश्रांतीनंतर घोड्याला घाईने वेगात पळवणे धोक्याचे ठरते. तड्यांची भर दुरुस्तीपेक्षा वेगाने पडत राहिली, तर विश्रांती न देणेही तितकेच धोक्याचे.

(एवढ्याने घोडा मरतो कसा, असे विद्यार्थी विचारतात. तो बहुधा हाड मोडल्याने मरत नाही, त्याला इंजेक्शन देऊन मारावे लागते. इतक्या जड प्राण्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही आणि तीन पायांवर उभा राहिला की चांगल्या पायांचे खूर आतून सुजून निकामी होतात. २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा पाय दोनच आठवड्यांनी मोडला. उत्तम शस्त्रक्रिया होऊनही जानेवारी २००७ मध्ये त्याला मारावे लागले, ते याच कारणाने.)

आता तक्त्यांकडे वळू. अमेरिकेत २००८ पासून जॉकी क्लबची इजा-नोंदवही आहे. शर्यतीत इजा होऊन ७२ तासांच्या आत मेलेले घोडे त्यात मोजले जातात. दर हजार धावांमागे मृत्यू २००९ साली २ होते, २०२२ साली १.२५ झाले. घट खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ‘हजार धावांमागे’ हा छेद फसवा आहे. घोडा वर्षात सहा वेळा धावला असे समजा. मग त्याची वर्षाची जोखीम हजारात साडेसात, म्हणजे साधारण १३३ घोड्यांत एक. १.२५ हा आकडा वाचताना हे मनात येत नाही. शिवाय यात सरावातले मृत्यू नाहीत. माझा मुख्य आक्षेप येथे आहे.

या नोंदींच्या विश्लेषणातून जोखीम-घटकांची लांब यादी निघाली आहे: घोड्याचे वय, नर की मादी की खच्ची, शर्यतीचे अंतर, पट्टीचा प्रकार, मागच्या शर्यतीपासूनचे दिवस, पशुवैद्याच्या यादीवर पूर्वी नाव होते का. यादी प्रामाणिक आहे. तिचा वापर मात्र कारणांची यादी म्हणून केला जातो.

एकच उदाहरण घेतो. वयाच्या दुसऱ्याच वर्षी शर्यतीत उतरलेल्या घोड्यांना पुढे प्राणघातक इजा कमी होतात, असे या नोंदींत दिसते. यावरून, कोवळ्या वयात पळवणे हाडांना हितकारक आहे, असा युक्तिवाद शर्यतवाले हिरिरीने करतात. तो अगदीच निराधार नाही, कारण कोवळे हाड भाराला चांगला प्रतिसाद देते. पण दुसरा अर्थही तितकाच संभवतो. एखाद्या शाळेच्या दहावीच्या कबड्डी संघात पाचवीपासून खेळणाऱ्यांना दुखापती कमी होतात असे आढळले, तर लवकर खेळल्याने गुडघे मजबूत झाले म्हणायचे, की ज्यांचे गुडघे गेले त्यांनी आठवीतच खेळ सोडला म्हणायचे? दोन वर्षांचा जो घोडा सरावातच पाय मोडून मेला तो या नोंदवहीत कधी येतच नाही. जो लंगडू लागल्याने वर्षभर मागे ठेवला तो ‘उशिरा सुरुवात केलेला’ म्हणून येतो. शर्यतीच्या गेटपासून मोजायला लागल्यावर गेटपर्यंत पोचू न शकलेल्यांचा हिशेब कोण देणार? या दोन अर्थांत निवड करायची तर सरावाच्या आणि उपचारांच्या रोजच्या नोंदी हव्यात, आणि त्या बहुतांशी खाजगी तबेल्यांत पडून असतात.

औषधांचेही तसेच. २००९ ते २०२१ मधल्या सुमारे ४२ लाख धावांच्या अभ्यासात, हाड न मोडता अचानक आलेले मृत्यू पाचशेहून थोडे अधिक होते. फुफ्फुसातला रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे फ्युरोसेमाइड ज्यांना दिले होते, त्यांच्यात अशा मृत्यूची शक्यता ६२ टक्क्यांनी जास्त निघाली. ६२ टक्के हा मथळ्यात शोभणारा आकडा आहे. पण मुळात असा मृत्यू आठ हजार धावांत एक या हिशेबात येतो. त्यात, औषध सर्रास दिले जात असताना ते न मिळालेले थोडे घोडे इतर बाबतींतही निराळे असू शकतात. संशय घ्यायला हे पुरेसे आहे, निकाल द्यायला नाही.

आणि यादी कितीही चांगली असली तरी एकेका घोड्याबद्दल ती फारसे सांगू शकत नाही. सगळे घटक जमवून सरासरीच्या तिप्पट जोखमीचा गट वेगळा काढला असे धरा. हजारात चार. म्हणजे त्या ‘धोकादायक’ हजारांतले ९९६ धडधाकट परत येणार. कोणता मालक आपला घोडा मागे घेईल? विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. रोगनिदान चाचण्यांनाही ते जसेच्या तसे लागू पडते.

मग तक्ते टाकून द्यायचे का? नाही. पट्टीचा प्रकार हा घटक बऱ्यापैकी ठाम आहे. मेणमिश्रित कृत्रिम पट्टीवर मातीच्या पट्टीपेक्षा मृत्यू कमी, हे अमेरिकी आकड्यांत वर्षानुवर्षे दिसते. गंमत म्हणजे सांता अनितावर २००७ पासून कृत्रिम पट्टीच होती. तिचा निचरा नीट होईना, अनेकांना ती आवडेना, आणि २०१० च्या अखेरीस तेथे पुन्हा माती आली. जो घटक ठाऊक होता तो सोयीसाठी सोडला गेला, आणि २०१९ साली जमिनीत रडार लावून कारण शोधणे चालले! घरात हरवलेली सुई रस्त्यावरच्या दिव्याखाली शोधणारी म्हातारी येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सुई घरात शोधणारेही होते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९० पासून शर्यतीच्या घोड्यांचे शवविच्छेदन होते. आधीची इजा आणि अंतिम अस्थिभंग यांचा संबंध स्यू स्टोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच दाखवला, सांता अनिताच्या कितीतरी आधी. २०१९ च्या अखेरीस सांता अनितावर पेट स्कॅनर बसला. घोडा उभा असतानाच त्याच्या सांध्याचे चित्र मिळते. किरणोत्सारी फ्लोरिन हाडाच्या ज्या भागात फेरबांधणी जोरात चालू आहे तेथे गोळा होते आणि तो भाग चित्रात उठून दिसतो. हे घोड्यांच्या गटाबद्दलचे अनुमान नसून समोरच्या घोड्याच्या हाडाची पाहणी आहे.

अमेरिकेत जुलै २०२२ पासून बहुतेक रेसकोर्सना एकच केंद्रीय सुरक्षा-नियमावली लागू झाली. २०२४ साली तिच्या कक्षेतील रेसकोर्सवर हजार धावांमागे ०.९० मृत्यू झाले, कक्षेबाहेरच्या रेसकोर्सवर १.७६. हाही प्रयोग नव्हे, कारण दोन्हीकडचे घोडे, पैसा आणि पट्ट्या सारख्या नाहीत. पण ही संस्था सरावातल्या मृत्यूंचेही आकडे आता प्रसिद्ध करू लागली आहे. दोन वर्षांच्या घोड्यांचा प्रश्न सुटायचा असेल तर या दुसऱ्या रकान्यावरून सुटेल. त्यात प्रत्येक घोड्याचे वय आणि त्याने आधी केलेल्या वेगवान सरावाचे अंतर असायला हवे.