बांबू, गवत आणि एक परवाना

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र तो झाडांत गणला होता, आणि ती नोंद २०१७ पर्यंत तशीच राहिली. एका व्याख्येने किती अडते हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला चांगले ठाऊक आहे. या भागातला बांबू वर्षानुवर्षे सरकारी कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले ते २०११ मध्ये. दोन वर्षे हक्क होता, पास नव्हता.

हे गाव डोळ्यांपुढे ठेवून आम्ही ‘जनरल पब्लिक लायसन्स’ वाचले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेला हा संगणक आज्ञावलींचा परवाना. लिनक्सचा गाभा याच्याच १९९१ च्या आवृत्तीखाली मिळतो. आज्ञावली वापरा, तपासा, बदला, वाटा. मात्र वाटताना मूळ संहिताही द्या आणि पुढच्याला हेच हक्क द्या, असा त्याचा आशय. विकायलाही मनाई नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने गोंधळ होतो; आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द आहेत, तरी आपण तो गोंधळ करतोच!

परवान्याचे खरे बळ आम्हाला व्याख्येत दिसले. मूळ संहिता म्हणजे बदल करण्यासाठी जे रूप सोयीचे, ते. केवळ यंत्राला कळणारी शून्य-एकांची रास देऊन सुटका नाही. हक्क द्यायचा पण पास अडवायचा, ही वाट इथे आधीच बंद केली आहे.

उणीव दिसते ती पुढे. निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दल परवाना गप्प आहे. लिनक्सच्या गाभ्यात काय घ्यायचे याचा शेवटचा शब्द लिनस टोरवाल्ड्स यांचा. न पटणाऱ्याने प्रत घेऊन वेगळे व्हावे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस असेच निघाले. मेंढ्यात बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. जंगलाची दुसरी प्रत निघत नाही, म्हणून एकाचे जरी पटले नाही तरी पुन्हा बसावे लागते. तेव्हा ‘मुक्त आज्ञावली म्हणजे संगणकातले गावरान’ ही उपमा आम्हाला अर्धीच पटते. बांबू तोडला की कमी होतो, किती तोडायचा हे ठरवावे लागते. आज्ञावली वाटून कमी होत नाही. कमी पडतो तो ती दुरुस्त करणाऱ्यांचा वेळ, आणि त्याविषयी परवान्यात एक ओळही नाही.

शाळेच्या संगणकावर अशी आज्ञावली असेल तर तिचा परवाना वरच्या वर्गात वाचून पाहावा. सुरुवात व्याख्यांपासून करावी.